आकाशाचं शिक्षण, जमिनीवरचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

विमानं आणि अग्निबाण बनवण्याचं पुढचं शिक्षण म्हणजे पैसेवाल्यांच्या मुलांचं काम, असं आपल्याकडे अजूनही मानलं जातं. मुलगी बी.ई. झाली आणि ‘एरोस्पेसमध्ये पुढे शिकायचंय’ म्हणाली, की घरात पहिला प्रश्न येतो, पैसे कुठून आणायचे? दुसरा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही. तो असा, की खरंच पैसे लागतात का, आणि कोणत्या वाटेला किती लागतात? आज मला या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे.

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए. विमान आकाशात कसं टिकतं हे मला कुणी गणित मांडून विचारलं तर मी हात जोडीन. पण आमच्या मोहल्ल्यात कुणाला फॉर्म भरायचा असला, इंग्रजी पत्राचा अर्थ लावायचा असला, की लोक माझं दार वाजवतात. अशाच फॉर्मांच्या निमित्ताने या विषयाची काही मुलं माझ्याकडे आली. त्यांच्याबरोबर माहितीपत्रकं वाचता वाचता मलाच बऱ्याच गोष्टी नव्याने कळल्या. त्या तुमच्यापर्यंत पोहोचवाव्यात, एवढाच हेतू.

या शिक्षणाची आणि पैशाची सर्वांत ठाऊक असलेली गोष्ट डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची आहे. बी.एस्सी. झाल्यावर त्यांची मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत निवड झाली, पण प्रवेशासाठी सुमारे हजार रुपये लागणार होते. त्यांची बहीण जोहरा हिने सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवून ते पैसे उभे केले. पुढे एका प्रकल्पाचं काम रेंगाळलं, तेव्हा तीन दिवसांत आराखडा दिला नाही तर शिष्यवृत्ती बंद होईल, अशी तंबी प्राध्यापकांनी दिली आणि कलामांनी तो मुदतीत पुरा केला. १९९९ साली आलेल्या ‘विंग्ज ऑफ फायर’ या आत्मकथनात त्यांनी हे सांगितलं आहे. आपण बांगड्यांची गोष्ट लक्षात ठेवतो आणि शिष्यवृत्तीची विसरतो. खरं तर दोन्ही गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. दार उघडायला घरचा पैसा लागला, आत टिकायला कामाचा पैसा मिळाला.

आज भारतात या विषयाचं दार उघडायलाही बांगड्या गहाण ठेवाव्या लागत नाहीत. तिथे ‘गेट’ लागते. गेट म्हणजे अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा. दरवर्षी फेब्रुवारीत होते, अर्ज साधारण ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात. पेपर तीन तासांचा, १०० गुणांचा, प्रश्न ६५. त्यात १५ गुण सर्वसाधारण आकलनाचे असतात. एरोस्पेसचा स्वतंत्र पेपर आहे, त्याचं चिन्ह ‘एई’. मिळालेला स्कोअर तीन वर्षं चालतो. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असलेले विद्यार्थीही बसू शकतात, म्हणजे पदवी हातात येण्याआधीच एक प्रयत्न करून पाहता येतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. एरोस्पेसचं एम.टेक. करायला पदवी एरोस्पेसचीच हवी असं नाही. यंत्र अभियांत्रिकीची मुलं या शाखेत मोठ्या संख्येने जातात, आणि यंत्र अभियांत्रिकीच्या गेट पेपरवरही अनेक संस्था अर्ज घेतात. कोणता पेपर चालेल हे प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ते वाचूनच पेपर निवडावा.

गेटमधून एम.टेक.ला प्रवेश मिळालेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला केंद्र सरकारचं विद्यावेतन मिळतं. दरमहा १२,४०० रुपये, दोन वर्षं. त्या बदल्यात विभागात आठवड्याला साधारण आठ तास काम करायचं. पदवीच्या मुलांचे पेपर तपासणं, प्रयोगशाळेत मदत करणं, अशा स्वरूपाचं. ही रक्कम बरीच वर्षं वाढलेली नाही आणि मोठ्या शहरात ती तुटपुंजीच पडते. पण वसतिगृहात राहून, बेताने खर्च करून मुलं त्यात निभावतात. फी वेगळी असते, ती संस्थेनुसार बदलते, हेही ध्यानात ठेवावं.

पीएच.डी.ला याहून बरं आहे. १ जानेवारी २०२३ पासून संशोधन विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात. ज्यांची निवड २०१८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीसाठी झाली, त्यांना त्या योजनेत पहिल्या दोन वर्षांना दरमहा ७०,००० आणि शेवटच्या दोन वर्षांना ८०,००० ठरवून दिले होते, वर संशोधनासाठी वर्षाला दोन लाख. बी.ई.नंतर एम.टेक. न करता थेट पीएच.डी.ला जायची सोयही बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि काही आयआयटींत आहे. म्हणजे हिशेब असा उलटा आहे, की या क्षेत्रात आपल्या देशात जितकं वर शिकत जाल, तितकं घरातून कमी द्यावं लागतं. हे मी पालकांना सांगतो, तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही.

आता या विषयात शिकायचं काय, तेही थोडक्यात पाहू. मुंबईच्या आयआयटीत एम.टेक.च्या चार शाखा आहेत आणि बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने हीच वाटणी असते. पहिली हवेची, म्हणजे पंखावरून वाहणारी हवा विमानाला कशी उचलते. दुसरी इंजिनाची, म्हणजे पुढे ढकलणारा जोर कुठून येतो. तिसरी सांगाड्याची, म्हणजे कमीत कमी वजनात जास्तीत जास्त ताकद कशी आणायची. चौथी तोल आणि नियंत्रणाची. ज्याने लहानपणी पतंगाला दोरा नेमका कुठे बांधायचा यावर भांडण केलं आहे, त्याला चौथ्या शाखेचा गाभा कळलेला असतो. चारांपैकी आपला कल कुठे आहे हे अर्ज करण्याआधी ठरवावं, कारण पुढचं संशोधन, गाईड आणि नोकरी त्यावरच अवलंबून असते.

संस्थांची यादी लांब नाही. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत हा विभाग १९४२ साली सुरू झाला, आणि त्याच्या उभारणीत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या डॉ. विष्णु माधव घाटगे यांचा मोठा वाटा होता. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून ते परतले होते. पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान रचलं, १९५१ साली ते उडालं. त्याच विज्ञान संस्थेचे पुढे संचालक झालेले आणि नंतर इस्रोचे अध्यक्ष झालेले प्रा. सतीश धवन यांच्याकडे गणित-भौतिकीची पदवी, यंत्र अभियांत्रिकीची पदवी आणि इंग्रजी साहित्याची एम.ए. अशा तिन्ही होत्या. त्यानंतर अमेरिकेत कॅलटेकमध्ये त्यांनी विमानशास्त्रात डॉक्टरेट केली. आम्हा साहित्यवाल्यांना हे ऐकून बरं वाटतं, म्हणून सांगितलं.

याखेरीज मुंबई, मद्रास, कानपूर आणि खरगपूर इथल्या आयआयटींत जुने विभाग आहेत. कानपूरला तर आवारातच धावपट्टी आहे. तिरुवनंतपुरमला अंतराळ विभागाची आयआयएसटी ही संस्था २००७ साली सुरू झाली. आपल्या पुण्यात खडकवासल्याजवळ गिरीनगरला डीआरडीओशी जोडलेलं संरक्षण तंत्रज्ञानाचं अभिमत विद्यापीठ आहे, तिथेही एरोस्पेसचं एम.टेक. होतं. आयआयटींचे प्रवेश एकाच सामाईक पोर्टलवरून स्वीकारावे लागतात, त्याला ‘कोआप’ म्हणतात. तिथली फेरी चुकली की मिळालेली जागा जाते. चांगला स्कोअर असूनही असं झालेलं मी पाहिलं आहे.

मुलींसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. डीआरडीओने २०१९ साली या विषयातल्या मुलींसाठी शिष्यवृत्ती जाहीर केली, तिच्यात एम.टेक.ला वर्षाला १,८६,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली होती. तिची जाहिरात निघते का, यावर प्रवेशाच्या वर्षी लक्ष ठेवावं. दुसरी, झोंटा इंटरनॅशनल या संस्थेची अमेलिया एअरहार्ट फेलोशिप. १९३७ साली विमानासह बेपत्ता झालेल्या त्या वैमानिकेच्या नावाने ती १९३८ पासून दिली जाते. एरोस्पेसमध्ये पीएच.डी. करणाऱ्या कोणत्याही देशाच्या मुलीला अर्ज करता येतो आणि रक्कम १०,००० डॉलर असते.

आमच्या भागात एक गॅरेजवाले आहेत. त्यांची मुलगी यंत्र अभियांत्रिकी शिकली. वडिलांचा हट्ट अमेरिकेचा. एका सल्लागाराने त्यांना घर तारण ठेवून कर्जाचा रस्ता दाखवला होता आणि कागदही तयार होत आले होते. मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “चाचा, तुम्ही अब्बांना समजवा.” मी म्हटलं, “बेटा, आधी आपण दोघं समजून घेऊ.” आम्ही बसून कागदावर दोन रकाने आखले. एकीकडे अमेरिकेतलं दोन वर्षांचं एम.एस., दुसरीकडे गेट. तेव्हा मला जी गोष्ट कळली, ती आजच्या भाषणातली सर्वांत महत्त्वाची आहे.

अमेरिकेत एम.एस.ला बहुतेक विद्यार्थ्यांना स्वतःचे पैसे घालावे लागतात आणि फी, राहणं-खाणं धरून खर्च सहज पन्नास लाखांच्या घरात जातो. हे इतर शाखांतही आहे. पण संगणक शिकलेला मुलगा तिथे नोकरी धरून कर्ज फेडू शकतो. एरोस्पेसचं तसं नाही. विमानं, अग्निबाण आणि उपग्रह यांचं पुष्कळसं तंत्रज्ञान त्या देशाच्या संरक्षण-निर्यात नियमांखाली येतं. या नियमांना तिथे ‘इटार’ म्हणतात. त्यामुळे या क्षेत्रातल्या मोठ्या कंपन्या अनेक जागांसाठी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच घेतात. पदवी तीच, गुण तेच, पण दारावर पासपोर्ट विचारला जातो. कल्पना चावला यांचं उदाहरण सगळे देतात. चंडीगढला १९८२ साली पदवी, टेक्ससमध्ये १९८४ साली एम.एस., कोलोरॅडोत १९८८ साली पीएच.डी. पण त्यांनी १९९१ साली अमेरिकन नागरिकत्व घेतलं आणि त्यानंतर अंतराळवीर म्हणून त्यांची निवड झाली, हा मधला टप्पा कुणी सांगत नाही.

याचा अर्थ अमेरिकेला जाऊच नये असा नाही. तिथली पीएच.डी. बहुतेक ठिकाणी पूर्ण खर्चासह असते. प्राध्यापकाच्या प्रकल्पावर काम केलं की फी माफ आणि वर महिन्याचा पगार. तिथे विद्यार्थी म्हणून शिकावं, संशोधन करावं, प्राध्यापकीकडे जावं. फक्त घर गहाण ठेवून, नोकरीच्या भरवशावर एम.एस.ला जाण्याआधी हा नियम घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावा. गॅरेजवाल्यांनी तो ऐकला, बराच वेळ गप्प बसले आणि मग एवढंच विचारलं, “गेटचा फॉर्म केव्हा असतो?” मुलीला दुसऱ्या प्रयत्नात प्रवेश मिळाला. घर आहे तिथेच आहे.

युरोपचा हिशेब वेगळा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नाही. आखन, ब्राउनश्वाइग, बर्लिन इथे हा विषय आहे. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे, तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून परदेशी विद्यार्थ्यांना बरीच मोठी फी लावली आहे. राहण्याच्या खर्चाची हमी म्हणून वर्षाचे पैसे आधी बँकेत अडकवून दाखवावे लागतात. २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो होती. शिवाय फी नसलेले बरेचसे अभ्यासक्रम जर्मन भाषेत चालतात. तेव्हा पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून जर्मन शिकायला घेतली, तर ती भाषाच शिष्यवृत्तीचं काम करते. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडुस शिष्यवृत्तीत फी नसते आणि दरमहा १,४०० युरो मिळतात. जपान सरकारची ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्ती तिथल्या दूतावासामार्फत मिळते, तिच्यात फी, निर्वाह आणि विमानाचं तिकीट येतं.

आता सरकारी मदत. इथे जुन्या याद्यांवर विसंबू नका. आमच्या समाजातल्या मुलांना मी हे विशेष सांगतो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या पीएच.डी.साठी असलेली केंद्राची मौलाना आझाद फेलोशिप आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी ‘पढो परदेस’ योजना, या दोन्ही २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाल्या. तरी पुस्तिकांमध्ये आणि फिरत्या संदेशांमध्ये त्या अजून दिसतात, मुलं त्यांच्या भरवशावर वर्ष घालवतात. एक दार बंद झालं, त्याचं वाईट वाटतं, पण मुलांना ते बंद आहे हे तरी वेळेवर कळायला हवं. उघडं काय आहे? राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे, तिला डॉ. कलामांचंच नाव आहे. राज्याने २०२४ मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्तीही सुरू केली.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या गटांतल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात. खुल्या गटातल्या कमी उत्पन्नाच्या मुलांसाठीही राज्याची परदेशी शिष्यवृत्ती आहे. जात-धर्माची अट नसलेली आणि फार जुनी वाट म्हणजे १८९२ साली सुरू झालेली जे. एन. टाटा एन्डाउमेंट. ती देणगी नव्हे, कर्जशिष्यवृत्ती आहे. आपण फेडलेल्या पैशातून पुढचा विद्यार्थी शिकतो, ही कल्पना मला फार आवडते.

देशात शिकताना कर्ज काढावंच लागलं, तर २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना पाहावी. ठरावीक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तिच्यात तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे.

या सगळ्या योजनांत मुलं गुणांमुळे कमी आणि कागदांमुळे जास्त अडतात, असा माझा अनुभव आहे. उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा, नावाची स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्रात एक आणि आधारवर दुसरी, अधिवास प्रमाणपत्र काढलेलंच नाही. आमच्याकडे तर ‘शेख’ एका कागदावर आधी असतं, दुसऱ्यावर शेवटी. हे सगळं पदवीच्या तिसऱ्या वर्षातच आपले सरकार केंद्रात जाऊन दुरुस्त करून घ्यावं. शेवटच्या आठवड्यात तहसील कचेरीची रांग कुणासाठी थांबत नाही.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या कामाच्या जवळची आहे. परदेशी विद्यापीठं आणि शिष्यवृत्त्या अर्जदाराकडून एक निवेदन मागतात, मला हे का शिकायचं आहे. दहातली नऊ मुलं लिहून आणतात की लहानपणापासून मी आकाशाकडे बघत होतो. मी त्यांना सांगतो, आकाशाकडे बघायचं काम माझ्यावर सोपवा, तुम्ही हातांनी काय केलं ते लिहा. शेवटच्या वर्षी ड्रोनचा प्रकल्प केला असेल, तर तो किती वजनाचा होता, का पडला, मग काय बदललं, ते लिहा. वाचणाऱ्या प्राध्यापकाला तुमची स्वप्नं मोजता येत नाहीत, काम मोजता येतं.

शेवटी नोकरीबद्दल. इस्रोची सर्वसाधारण भरती मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्स, यंत्र आणि संगणक शाखांची असते, त्यामुळे एम.टेक. एरोस्पेस म्हणजे इस्रो असं समीकरण धरू नये. डीआरडीओ, हिंदुस्थान एरोनॉटिक्स, १९५९ साली स्थापन झालेली बंगळुरूची राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळा, आणि आता खासगी कंपन्या अशी ही बाजारपेठ आहे. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचा अग्निबाण १८ नोव्हेंबर २०२२ रोजी उडाला, चेन्नईच्या अग्निकुलचा ३० मे २०२४ रोजी. वीस वर्षांपूर्वी या वाटा नव्हत्या. तरी हे क्षेत्र लहान आहे, जागा मोजक्या आहेत. म्हणूनच इथे कर्ज जितकं कमी, तितकी पावलं मोकळी पडतात. डोक्यावर हप्ता नसलेला मुलगा दोन वर्षं जास्त थांबून हवं ते काम निवडू शकतो.

तेव्हा पालकांना माझं सांगणं एवढंच. मुलाने किंवा मुलीने हा विषय काढला, तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच घराचे कागदही काढू नका. एक वही घ्या, दोन रकाने आखा, प्रत्येक वाटेचा खर्च, मिळकत आणि शेवटची तारीख लिहा. बेरीज मुलांनाच करू द्या. विमानाचं गणित पुढे त्यांनाच करायचं आहे, सुरुवात घरच्या हिशेबापासून होऊ दे.